वाळूसाठी क्वाड बांधतोय, मागच्या सस्पेन्शनबद्दल सल्ला हवा

वाळवंटी

नमस्कार मंडळी,

मी शारजात राहतो आणि सध्या एक क्वाड (चार चाकी, हँडलवाली गाडी) मुळापासून बांधायला घेतली आहे. इंजिन यामाहा रॅप्टर ७०० चं, म्हणजे ६८६ सीसी, एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन. चॅसी ४१३० क्रोमोली (मिश्र पोलाद) पाइपची. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वेल्डरकडे ती जिगवर उभी आहे, हाताचा फार साफ माणूस आहे. पुढचे ए-आर्म आणि शॉकअप ठरले. गाडं अडलंय ते मागे. मागचे माउंट अजून टाचलेले सुद्धा नाहीत, त्यामुळे आत्ता सगळे पर्याय खुले आहेत.

वापर वाळूच्या टेकड्यांवर: अल बदायर, बिग रेड टेकडीच्या मागचा पट्टा आणि सुट्टी जमली तर लिवा. शर्यत करायची नाही, ड्रॅगही नाही. मित्रांबरोबर तीन-चार तास सलग फिरायचं आणि गाडी ट्रेलरवर घालून परत आणायची.

माझ्यासमोर तीन रस्ते आहेत:
१. रॅप्टरसारखी लिंकेजवाली मांडणी, म्हणजे शॉकअप आणि स्विंगआर्मच्या मधे जोडदांडे.
२. लिंकेज काढून टाकून एकच लांब शॉकअप थेट स्विंगआर्मवर (मागचा ॲक्सल धरणारा, वरखाली हलणारा आर्म).
३. मागे दोन्ही चाकं स्वतंत्र.

मी कपड्यांसकट ९५ किलो. गाडी पेट्रोल भरून १८० किलोच्या आसपास जाईल असा हिशोब आहे. मागे २० इंची पॅडल टायर (वाळू खणणाऱ्या उभ्या पट्ट्यांचे), सरळ ॲक्सल, चेन. मागच्या चाकाची हालचाल साधारण १० इंच हवी आहे.

इथे ज्याला विचारावं तो त्याच्याकडे जे पडलंय तेच गळ्यात मारतो. एका दुकानात मला चॅसीही न बघता, वजनही न विचारता स्प्रिंग काढून दिली होती. ती मी घेतली नाही. तुमच्यापैकी कुणी वाळूत चालवत असेल किंवा हे गणित कुणाला येत असेल, तर सविस्तर लिहा. घाई नाही, पण माउंट एकदा वेल्ड झाले की मग रडून उपयोग नाही.

सॅनडिएगोकर

वा, आपल्या भाषेत असा धागा बघून फार बरं वाटलं. मी ग्लॅमिसला जातो, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाचे इम्पीरियल ड्यून्स. ७० किलोमीटरच्या वर लांब पसरलेली वाळू आहे, काही टेकड्या ९० मीटरपर्यंत. तुमच्या लिवापुढे उंचीला कमीच, पण वाळूचा स्वभाव तोच.

शॉकअप कुठला घ्यायचा हे नंतर बघू. आधी वाळू गाडीच्या मागच्या टोकाकडून काय काय करून घेते ते पाहा.

वाऱ्याच्या बाजूचा चढ दहा-पंधरा अंशांचा असतो, घट्ट आणि लांबलचक. पलीकडची घसरती बाजू तीस ते चौतीस अंशांची, सैल. तिथे वाळू तिच्या स्वतःच्या नैसर्गिक कोनात उभी असते. त्या बाजूने खाली आलात की तळाशी उतार संपतो आणि पुढचा चढ सुरू होतो. त्या खळग्यात गाडी आदळत नाही, दाबली जाते. उडी मारून पडल्यावर बसतो तो दणका क्षणाचा असतो. खळग्यातला दाब अर्धा-एक सेकंद टिकतो, आणि शॉकअप तेवढ्यात पूर्ण बसून तळाला लागतो. मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी लावलेली गाडी इथेच मार खाते.

दुसरी गोष्ट आडव्या उतारावरची. टेकडीच्या पोटावरून तिरकं जाताना मागचं टोक हळूहळू खाली सरकत राहतं. ते सरकणं एकसारखं असलं तर हँडलने सांभाळता येतं, मधेच पकडलं-सोडलं तर घाबरायला होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे कॅम्पच्या आसपास लोकांच्या ये-जा करण्याने तयार झालेल्या वूप्सच्या, म्हणजे लागोपाठच्या उंचवट्यांच्या, रांगा. तिथे शॉकअप परत किती वेगाने उघडतो यावर सगळं.

आणि पॅडल टायरची पकड. साध्या टायरला वाळूत फिरून मोकळं होता येतं. पॅडल मात्र खणतो आणि गाडी पुढे फेकतो. थ्रॉटल उघडला की मागचं टोक बसतं, पुढची चाकं हवेत. त्यामुळे ड्यूनसाठीचं मागचं स्प्रिंग लोकांना वाटतं त्याहून कडक लागतं.

टायरमधली हवा किती ठेवणार? मी ४-५ पीएसआय ठेवतो. बारीक खडखड टायरच गिळतो, ती शॉकअपकडे पोचतच नाही.

लेथवाला

मी सांगलीत जॉबवर्क करतो, मशीनिंग आणि थोडी फॅब्रिकेशन. ड्यूनवर गेलेलो नाही. पण सस्पेन्शनचं गणित वाळू असो की खडी, तेच. वाळवंटी भाऊ, तुम्ही वजन आणि हालचाल दोन्ही दिलीत, त्यामुळे लगेच आकडे मांडता येतील.

एकूण २७५ किलो. माणूस बसल्यावर मागे साधारण ५५ टक्के धरू, म्हणजे १५१ किलो. यातलं ॲक्सल, दोन्ही चाकं, टायर, हब, स्प्रॉकेट, डिस्क आणि निम्मा स्विंगआर्म हे स्प्रिंगच्या खाली आहे. ते ४५ किलो धरा. उरले १०६ किलो. स्प्रिंगला उभं धरायचंय ते हे १०६.

हालचाल १० इंच, म्हणजे २५० मिमी. माणूस बसल्यावर त्यातली ३० टक्क्यांच्या आसपास खर्च व्हावी, ७५ ते ८० मिमी. म्हणजे चाकापाशी दर मिलिमीटरला १.३४ किलो एवढी ताकद हवी.

आता लीव्हरेज. चाक किती हललं भागिले शॉकअप किती दबला. समजा पिव्हटपासून (आर्म जिथे चॅसीला बिजागरासारखा जोडलाय तिथून) ॲक्सल ५०० मिमी आणि शॉकअपचा खालचा माउंट २५० वर, तर लीव्हरेज २. शॉकअपची हालचाल १२५ मिमी. स्प्रिंगचा कडकपणा काढताना लीव्हरेजचा वर्ग करायचा, इथे चार. १.३४ गुणिले ४ म्हणजे ५.३६ किलो प्रति मिमी. दुकानात स्प्रिंग पौंडात मिळते, त्या हिशोबाने ३०० पौंड प्रति इंच.

वर्ग हा शब्द अधोरेखित करा. माउंट २५० च्या जागी २०८ वर आला तर लीव्हरेज २.४ होतं आणि तीच ताकद मिळवायला स्प्रिंग ३०० ची ४३२ लागते. चार सेंटिमीटरने एवढा फरक. म्हणूनच चॅसी न बघता स्प्रिंग देणाऱ्याकडून तुम्ही घेतली नाही ते उत्तम केलंत.

आता सॅनडिएगोकरांचा खळगा. तळाची गोलाई १५ मीटर त्रिज्येची धरा. ताशी ६० ने तिथून गेलात तर गाडीला स्वतःच्या वजनाच्या २.९ पट दाब बसतो. १०६ गुणिले २.९ म्हणजे ३०७ किलो. आपली ३०० ची स्प्रिंग पूर्ण दबल्यावर ३३५ किलो देते. निभावलं. तेच ताशी ७० ने गेलात तर ३.५७ पट, ३७९ किलो. स्प्रिंग संपली, शॉकअप तळाला. डँपिंग, म्हणजे शॉकअपमधल्या तेलाचा विरोध, थोडा भार उचलेल, पण दाब टिकून राहिला तर डँपिंग फक्त उशीर करतं, थांबवत नाही.

फक्त दहा किलोमीटरचा फरक आणि गाडी पास की नापास ठरते. आता प्रश्न एवढाच की सुरुवातीला ३०० सारखी मऊ आणि शेवटी त्याहून कडक ताकद कशी आणायची. लिंकेज हे एक उत्तर, दोन स्प्रिंगा हे दुसरं.

मस्कतकर

लेथवाला दादा, प्रतिसाद साठवून ठेवला. असं कुणी मांडून दाखवत नाही.

माझं मत लिंकेजच्या बाजूने. मी बिदियाच्या बाजूला, शर्किया सँड्सला चालवतो, गाडी मूळ रॅप्टर. कंपनीने मागे २५६ मिमी हालचाल दिली आहे आणि लिंकेजमुळे ती सुरुवातीला मऊ, शेवटी कडक होत जाते. इंजिन रॅप्टरचंच आहे, तर अपघातात गेलेल्या एखाद्या रॅप्टरचा मागचा सगळा भाग उचला. स्विंगआर्म, रिले आर्म, कनेक्टिंग रॉड, शॉकअप, सगळं. चॅसीवर पिव्हट आणि माउंटच्या जागा मूळ गाडीवरून मोजून मिलिमीटरला मिलिमीटर उतरवा. कंपनीच्या इंजिनिअरांनी केलेलं काम तुम्हाला आयतं मिळतं.

डकार रॅलीत क्वाडचा गट २०२४ पर्यंत होता, आणि ती रॅली २०२० पासून सौदीत होते. त्यात बहुतेक गाड्या रॅप्टर ७०० च. सरळ ॲक्सल, स्विंगआर्म. एवढे दिवस एवढी वाळू खाऊन ती मांडणी उभी राहिली आहे.

सॅनडिएगोकर

मस्कतकर, डकारच्या गाडीला रोज रात्री मेकॅनिक उघडून बसतो हेही धरा.

लिंकेजमध्ये नीडल बेअरिंग असतात, रिले आर्मच्या प्रत्येक टोकाला. आमच्याकडे सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. सीझन संपल्यावर मी मित्राच्या गाडीचं लिंकेज उघडायला बसलो होतो. बोल्ट निघता निघेना. बाहेर आला तर त्यावर सुयांचे ठसे उमटलेले, बोटाने लागावेत इतके खोल. सीलच्या आत ग्रीस होतं, पण ते ग्रीस राहिलं नव्हतं, पॉलिश पेपरची पेस्ट झाली होती. वरून प्रेशरच्या पाण्याने गाडी धुणं. ते पाणी वाळूला सीलच्या आत ढकलतं.

माझ्या ओळखीत जुन्या बॅनशीवाले बरेच आहेत. यामाहाने ती अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली, ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक, आणि ड्यूनवर अजूनही तिचं राज्य आहे. त्यातल्या ज्यांनी आफ्टरमार्केट स्विंगआर्म घातलाय त्यांनी बहुतेकांनी लिंकेज काढून टाकलंय. सांधे दोनच, वर एक आणि खाली एक. दोन्ही गोल बेअरिंग, डोळ्यांसमोर, अर्ध्या तासात बदलता येतात. लिंकेज खाली लोंबत असतं तेही गेलं, कडेवर पोट टेकलं तर ते आधी लागतं.

निशिगंधा

मी अबू धाबीत असते, चालवते हौसेने पण मनापासून. सगळ्यांचे आकडे ९५ किलोच्या माणसाचे आहेत. माझं वजन कपड्यांसकट ६२. नवऱ्याच्या गाडीवर बसते तेव्हा ती मला खडकासारखी लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे वूप्समध्ये मागचं टोक मला वर फेकतं. तेव्हा दुकानदार म्हणाला स्प्रिंग बदला. आम्ही रिबाउंड (शॉकअप परत उघडायचा वेग) दोन क्लिक बंद केला, फेकणं थांबलं. पुढे आणखी दोन क्लिक बंद केला तर वेगळाच त्रास. शॉकअप उघडायच्या आत पुढचा उंचवटा येतो, तो आधीच दबलेला, असं होत होत सहाव्या-सातव्या वूपला हालचालच संपते. तेव्हा रिबाउंडला बाहेरून फिरवता येणारी खुंटी असलेलाच शॉकअप घ्या, वाळवंटी. स्वस्तातले बंद शॉकअप घेऊ नका.

दुसरं, लेथवाला दादा, प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) वाढवला की स्प्रिंग कडक होते असं इथे सगळे सांगतात. ते खरं आहे का? माझ्या अनुभवात तरी गाडी फक्त उंच उभी राहते.

लेथवाला

ताई, तुमचा अनुभव बरोबर आहे. प्रीलोडने स्प्रिंगचा दर बदलत नाही. गाडी वर उभी राहते, सुरुवातीला हलायला जास्त जोर लागतो, पण दर मिलिमीटरला लागणारी ताकद तीच. ६२ आणि ९५ किलोला एकच गाडी चालवायची असेल तर प्रीलोडने उंची जुळेल, स्वभाव जुळणार नाही. रोज ज्याने चालवायची त्याच्यासाठी स्प्रिंग घ्यावी.

आता दोन स्प्रिंगांचं. एकावर एक ठेवलेल्या दोन स्प्रिंगा एकत्र दबतात तेव्हा मिळून मऊ होतात. वरची ७५० पौंडाची आखूड आणि खालची ५०० ची लांब घेतली तर दोन्ही मिळून बरोबर ३०० भरतात. शॉकअप ८० मिमी दबला की मधला सरकता तुकडा एका रिंगवर टेकतो. तिथून वरची स्प्रिंग गप्प, फक्त ५०० ची काम करते. चाकाच्या भाषेत पहिले १६० मिमी १.३४ किलोच्या दराने, पुढचे ९० मिमी २.२३ च्या दराने. पूर्ण दबल्यावर ४१५ किलो, म्हणजे ३.९ पट. ताशी ७० च्या खळग्याला ३७९ लागत होते. जागा उरली.

ती रिंग आट्यांवर वरखाली फिरवता येते. लिवाला जायचंय, मोठे खळगे आहेत, तर रिंग थोडी अशी सरकवा की तुकडा लवकर टेकेल. एवढ्यासाठी स्प्रिंग बदलायला नको.

एक तपासणी मात्र विसरू नका. शेवटी खालची स्प्रिंग ९३ मिमी दबलेली असेल आणि वरची ३२. घेताना त्या स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी तेवढं अंतर मिळतंय ना, ते मोजून घ्या. वेढे टेकले तर शॉकअपचा शाफ्ट वाकतो.

चौथा_गिअर

स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनबद्दल कुणीच काही बोललं नाही. पोलॅरिसने आउटलॉ काढली होती ना तशी? ऐकलंय की खडबडीत जागी ती गादीसारखी चालायची.

सॅनडिएगोकर

हो, आउटलॉ ५०० आली २००६ मध्ये, मग ५२५. खडकाळ वाटांवर खरंच छान. पण पुढे पोलॅरिसने त्याच नावात सरळ ॲक्सलची ५२५ एस पण काढली, कारण स्पोर्ट चालवणाऱ्यांना मागे घसरवता येणारी गाडी हवी होती.

वाळूत स्वतंत्र चाकांचा फायदा जवळपास उरत नाही. दगड नाहीत, त्यामुळे एकच चाक वर उचलायची वेळ क्वचित येते. उलट तोटे जागच्या जागी. सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचे वाकणारे सांधे) आणि त्यांचे रबरी बूट, पॅडलची सगळी ताकद त्या जॉइंटमधून जाणार, वजन वाढणार.

आणि वर म्हटलं तो आडवा उतार. एकाच स्विंगआर्मवर सरळ ॲक्सल असला की मागची दोन्ही चाकं आणि चॅसी एकाच कोनात राहतात. मागे शरीर कलायला जागाच नाही, टायर दबेल तेवढंच. त्यामुळे टेकडीच्या पोटावर मागचं टोक कधी सरकेल हे सीटखालून कळतं. स्वतंत्र चाकांत खालच्या बाजूचं चाक दबतं, गाडी उताराकडे कलते, आणि नेमकं तिथेच ते नकोय.

हाताने बांधत असाल तर हा रस्ता सोडा. दोन्ही बाजूंचे आर्म, बुश आणि शाफ्टचे कोन जुळवणं हे वेगळं आणि मोठं काम आहे.

वाळवंटी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वतंत्र चाकांचा विचार सोडला.

आता स्विंगआर्मची लांबी. इथले बरेच जण १०० मिमी लांब आर्म घालतात, पुढची चाकं उचलत नाहीत म्हणून. मीही ५०० च्या ऐवजी ६०० करावा का?

सॅनडिएगोकर

ते लांब आर्म कुणाच्या गाडीवर बघितलेत तेही बघा. लिवातल्या तल मोरीब टेकडीच्या ३०० मीटरच्या भिंतीवर सरळ चढायच्या गाड्या वेगळ्या. काही जण तर मागे शॉकअप काढून सरळ दांडा घालतात. त्यांना वळायचं नसतं, खळग्यातून जायचं नसतं. तुम्हाला दोन्ही करायचंय.

लांब आर्मने पुढची चाकं खाली राहतात हे खरं. पण अरुंद कडेवरून पलीकडे उतरताना पोट टेकतं, आणि खोलगट भागात गोल फिरताना गाडी रुंद जाते. चढावर थ्रॉटलने नाक वळवायची मजाही जाते.

लेथवाला

आकड्यांतही फरक पडतो. रॅप्टरचा मूळ व्हीलबेस १२८० मिमी. तुमचाही तेवढाच धरला आणि आर्म १०० ने लांबवला तर मागचा वाटा ५५ वरून ५१ टक्क्यांवर येतो, मागचे ११ किलो पुढे गेले. लीव्हरेज २ चं २.४ झालं. तोच शॉकअप ठेवलात तर हालचाल ३०० मिमी होईल, स्प्रिंग वेगळी, आणि चेनही लांब. म्हणजे लांबीचा निर्णय आधी, शॉकअपची ऑर्डर नंतर.

माझ्या मते ५०० ते ५२५ च्या मधे राहा.

चेनचं एक सांगतो. इंजिनचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. सैलपणा त्या जागी बघायचा. गाडी स्टँडवर, आर्म लोंबकळत असताना चेन घट्ट केली तर पहिल्याच खळग्यात ती इंजिनचं बेअरिंग ओढून काढेल.

मस्कतकर

लिंकेजची बाजू मी अजून सोडलेली नाही, आणि कारण तांत्रिक आहे. दोन स्प्रिंगांनी स्प्रिंगचा दर वाढला, मान्य. पण डँपिंग? लिंकेजमध्ये शेवटी शेवटी चाकाच्या तेवढ्याच हालचालीला शॉकअप जास्त वेगाने दबतो, म्हणून तेलाचा विरोधही वाढतो. थेट शॉकअपमध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच. मोठ्या उडीनंतर हा फरक पाठीला कळतो.

लेथवाला

मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि याचं उत्तर वेल्डिंगच्या आधीच द्यावं लागतं.

शॉकअप आर्मला काटकोनात असतो तेव्हा त्याचा जोर पूर्ण लागतो. तिरका असेल तर कमी. म्हणून वरचा माउंट अशा जागी घ्यायचा की आर्म खाली लोंबताना शॉकअप तिरका असेल आणि आर्म वर येईल तसतसा काटकोनाकडे जाईल. मग लीव्हरेज हालचालीबरोबर कमी होत जातं, स्प्रिंग आणि डँपिंग दोन्ही कडक होतात. लिंकेजइतकं नाही, पण हाताला जाणवेल इतकं. वरचा माउंट उलट्या बाजूला गेला तर शेवटी गाडी मऊ होत जाते, मग कितीही महागडा शॉकअप घ्या, तो तळाला लागणारच.

वर मी लीव्हरेज २ धरलं ते शॉकअप काटकोनात असताना. तिरक्या मांडणीत खालचा माउंट त्याच हिशोबाने थोडा मागे सरकवावा लागेल. पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचं चित्र काढा, टाचण्या लावून आर्म फिरवा आणि दर २५ मिमीला शॉकअपची लांबी मोजा. त्यावरून खरं सरासरी लीव्हरेज निघेल.

आणि माउंटची ताकद. पूर्ण दबल्यावर चाकापाशी ४१५ किलो, लीव्हरेज २, म्हणजे वरच्या माउंटवर ८३० किलो. त्यात डँपिंगचा जोर वेगळा. एका आडव्या पाइपच्या मधोमध दोन कान वेल्ड करून हे पेलणार नाही. जिथे तीन-चार पाइप एकत्र येतात तिथेच माउंट घ्या, बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या, कानांखाली गसेट (आधाराचे पत्रे) घाला. बोल्ट १२ मिमी, १०.९ ग्रेडचा. स्विंगआर्मलाही आता मधोमध भार येतोय. रॅप्टरचा मूळ आर्म तसाच वापरून त्यावर शॉकअपचा कान वेल्ड करू नका, तो या भारासाठी केलेला नाही.

निशिगंधा

मस्कतकरांच्या डँपिंगवर आणखी एक उपाय आहे. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये वेगळा विरोध देणारे शॉकअप मिळतात, आतच बायपास असलेले. महाग आहेत, पण पाठ एकच आहे. निदान कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) जलद आणि मंद असं वेगवेगळं लावता येईल असा तरी घ्या. खळग्यातला दाब मंद गतीचा, उडीचा दणका जलद गतीचा, दोन्हींना एकच खुंटी पुरत नाही.

चौथा_गिअर

थोडं विषयांतर. मी पुण्याला परत आलो की अशी गाडी कोकणात किनाऱ्यावर चालवता येईल का?

निशिगंधा

नको. किनाऱ्याची वाळू आणि ड्यून यांचा संबंध नाही, आणि वेळाससारख्या ठिकाणी त्याच वाळूत कासवं अंडी घालतात. खारं पाणी बेअरिंगचं काय करतं ते वेगळंच.

वाळवंटी

पुठ्ठ्यावर चित्र काढून मोजून पाहिलं. ठरलेलं लिहितो, कुणाला काही खटकलं तर आत्ताच सांगा.

थेट शॉकअप, लिंकेज नाही. नवा स्विंगआर्म ५१० मिमीचा, वेल्डर क्रोमोलीतच बांधेल. वरचा माउंट सीटखालच्या जोडावर, जिथे मागची सबफ्रेम मुख्य चॅसीला मिळते. शॉकअप १२५ मिमी हालचालीचा, बाहेर नायट्रोजनचं रिझर्व्हायर, रिबाउंड आणि दोन्ही कॉम्प्रेशन फिरवता येणारे. स्प्रिंगा ७५० आणि ५००.

मस्कतकर, तुमचं म्हणणं डोक्यात आहे. म्हणूनच कोन काटकोनाकडे जाणाराच घेतलाय.

लेथवाला

खटकत काही नाही. माउंट फक्त टाचा, पूर्ण वेल्ड करू नका. शॉकअप स्प्रिंगशिवाय बसवा, टायर आणि चेन लावा, आर्मखाली जॅक ठेवून तळापासून वरपर्यंत फिरवा. तीन जागा बघा: पॅडलचं टोक फेंडरला लागतं का, चेन पिव्हटवर घासते का, रिझर्व्हायर एअरबॉक्सला भिडतं का. पॅडल टायर वेगात फुगतो, तेव्हा बोटभर नाही, तीन बोटं जागा ठेवा.

मस्कतकर

रिझर्व्हायर सायलेन्सरच्या बाजूला नको, विरुद्ध बाजूला आणि वारा लागेल असं. दुपारी तीन तास चालवल्यावर शॉकअपला हात लावता येत नाही, तेल पातळ होतं आणि सकाळी लावलेला रिबाउंड दुपारी दोन क्लिक सैल वाटतो. सॅग (माणूस बसल्यावर मागचं टोक किती दबतं ते) मोजताना पूर्ण कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी आणि भरलेली टाकी. मागच्या ग्रॅबबारपासून जमिनीपर्यंत नव्हे, ॲक्सलच्या मध्यापासून सबफ्रेमवरच्या एका खुणेपर्यंत मोजा, नाहीतर टायरचं दबणंही त्यात धरलं जाईल. ७५ ते ८० मिमी आलं की रिंग ८० वर लावून पहिली फेरी अल बदायरलाच मारा, लिवाला नंतर.